शब्दांचे गाव आणि अदबीची रीत

मुस्लिम मराठी साहित्याविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक वेळा विषयांच्या अंगाने होते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून अस्मिता, दारिद्र्य, दंगली, तलाकचा प्रश्न, शिक्षणातले मागासलेपण या मुद्द्यांवर पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले. ते आवश्यकच होते. परंतु या साहित्यातली माणसे एकमेकांना हाक कशी मारतात, कोण कोणाला 'तू' म्हणते आणि कोणाला 'तुम्ही', सलामाला उत्तर कसे येते, याकडे आपल्या समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटेल. आमच्या मते ती तशी नाही. कथेतले पात्र कोणत्या मातीतले आहे हे त्याच्या नावावरून किंवा टोपीवरून कळते त्याहून अधिक त्याच्या संबोधनावरून कळते. लेखकाला आपल्याच माणसांचा संकोच वाटतो की काय, हेही तिथेच कळते.

आम्ही कर्जत तालुक्यातल्या पोशीरच्या परिसरातले. पोशीर नदी पुढे उल्हासला मिळते. या भागातल्या गावांत आणि वाड्यांत आगरी, मराठा, बौद्ध, ठाकर, कातकरी आणि कोकणी मुसलमान अशी मिश्र वस्ती आहे. नेरळ-कर्जतच्या बाजारात मुंबईची हिंदी चालते, तहसील कचेरीत प्रमाण मराठी आणि आमच्या वर्गात उर्दू. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात आगरी, ठाकरी, काथोडी या बोलींची वेगवेगळी नोंद आहे. शंभरावर वर्षे लोटली तरी या बोली अजून एका बाजाराच्या दिवशी एकाच पारावर ऐकू येतात. अशा मुलुखात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना एक गोष्ट रोज जाणवते. शब्द एकच असला तरी तो कोणत्या घरातून वर्गात आला यावर त्याचा अर्थ ठरतो, आणि त्यातला मान-अपमानही ठरतो.

शब्द तोच, अर्थ दुसरा

प्रथम साधे शब्द घेऊ. 'गरीब' हा मूळ अरबी शब्द. अरबीत त्याचा अर्थ परका, मुलुखापासून तुटलेला. उर्दूत तो निर्धन झाला. मराठीत निर्धन तर झालाच, शिवाय 'गरीब स्वभावाचा', 'गरीब गाय' असा सौम्यपणाही त्याला चिकटला. 'शिकस्त' म्हणजे फारसीत आणि उर्दूत पराभव, मोडतोड. मराठीत मात्र प्रयत्नांची 'शिकस्त' केली की माणूस हरलेला नसतो, त्याने काही करायचे बाकी ठेवलेले नसते. 'राजीनामा' उर्दूत दोन पक्षांच्या समझोत्याचा कागद आहे. मराठीत नोकरी सोडल्याचा. 'फाजील' तर फार बोलका आहे. मदरशात शिकून जो विद्वान होतो त्याला उर्दूत आलिम-फाजिल म्हणतात. मराठीत 'फाजील आत्मविश्वास' म्हणजे नको इतका, आणि 'फाजीलपणा' म्हणजे आगाऊपणा. एका भाषेतली पदवी दुसऱ्या भाषेत दटावणी होते.

'खुलासा' या शब्दाचा अनुभव आमच्या पेशातल्या सर्वांनाच आहे. उर्दूच्या प्रश्नपत्रिकेत धड्याचा खुलासा लिहा म्हटले की मुले सारांश लिहितात, आणि ते बरोबरच असते. तोच शब्द पंचायत समितीच्या मराठी पत्रात आला की शिक्षकाचा घसा कोरडा पडतो, कारण तिथे 'लेखी खुलासा' म्हणजे आपल्या वागण्याचे स्पष्टीकरण. सारांश मागणारा आणि जाब विचारणारा असे दोघेही हा एकच शब्द वापरतात.

अशा शब्दांकडे पाहण्याच्या दोन शुद्धिवादी रीती आपल्याकडे आहेत. मराठीच्या बाजूने पाहणारे म्हणतात, हे परके शब्द काढून टाका. शिवकाळात झालेला 'राज्यव्यवहारकोश' हा राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी होता, त्याला त्या काळाचे राजकीय कारण होते. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. यातली गंमत अशी की, माधव जूलियन यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. ज्याने शब्दांची एवढी मोजदाद केली त्यालाच ते नकोसे व्हावेत, हा आपल्या वाङ्मयेतिहासातला विचार करण्याजोगा प्रसंग आहे.

उर्दूच्या बाजूने पाहणारे म्हणतात, मराठीने आमचे शब्द बिघडवले. ही दुसरी रीतही जुनी आहे. औरंगाबादचा वली दिल्लीला गेला, त्याच्या गझलेने दिल्लीचे कवी भारावले. परंतु पुढच्या पिढ्यांनी दख्खनी वळणाचे शब्द हळूहळू गावंढळ ठरवले. शाह हातिम यांनी तर अठराव्या शतकात स्वतःचाच काव्यसंग्रह नव्या दिल्लीकर कसोटीवर निवडून 'दीवानजादा' तयार केला. 'नक्को' म्हणणारा दख्खनी माणूस तेव्हापासून हसण्यावारी गेला तो गेलाच. हा 'नक्को' मराठीच्या 'नको'चा सख्खा भाऊ आहे, हे सांगायला नको.

दोन्ही शुद्धिवाद्यांची समजूत एकच आहे. शब्दाचे घर म्हणजे तो जन्मला ते ठिकाण, असे ते मानतात. आम्हांस वाटते, शब्द जिथे रोज वापरात आहे तेच त्याचे घर. आपल्यापैकी किती जणांची आडनावे पाटील, देशमुख, खोत, मुकादम अशी आहेत ते पाहावे. कुठून आलात, असे विचारून कोणी त्यांना गावाबाहेर काढू लागला तर आपण ते मान्य करू काय?

मानाचे शब्द

मानाच्या शब्दांत हा फरक अधिक टोचतो. 'मुजरा' घ्या. महाराष्ट्रात 'मानाचा मुजरा' हा आदराचा परमोच्च शब्द. शिवरायांना करायचा तो मुजरा. हिंदी चित्रपट पाहून वाढलेल्या मुलांना मात्र मुजरा म्हटले की कोठ्यावरचे नृत्य आठवते. मराठीच्या तासाला हा शब्द आला की वर्गात दबके हसू येते. ते हसू अनादराचे नसते, दुसऱ्या मुलुखाच्या अर्थाचे असते. परंतु बाहेरच्या कोणी ते ऐकले तर काय गैरसमज होईल हे वेगळे सांगायला नको.

'बाई' हा शब्द पाहा. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई या नावांतली 'बाई' म्हणजे मोठेपणाची खूण. मराठी शाळेत 'बाई' म्हणजे शिक्षिका. उर्दू साहित्यात 'बाई' बहुधा नाचगाण्याच्या मैफलीतून येते, आणि मुंबईत 'बाई' म्हणजे धुण्याभांड्याला येणारी. 'दादा' उर्दूत आजोबा, मराठीत थोरला भाऊ आणि मुंबईच्या गल्लीत गुंड. 'उस्ताद' उर्दूत गुरुजी. मराठीने त्याचा 'वस्ताद' केला. लहुजी वस्तादांच्या नावात तो पूज्य आहे, पण 'भलता वस्ताद आहे' म्हटले की तो धूर्त माणूस ठरतो. 'मियाँ' उर्दूत लाडाचा आणि मानाचा शब्द. इथे दुसऱ्याच्या तोंडून तो कित्येकदा टोमणा म्हणून येतो. आसामात 'मिया' हा शब्द बंगाली वळणाच्या मुसलमानांना हिणवण्यासाठी वापरला जाई. २०१६ पासून तिथल्या तरुण कवींनी 'मिया कविता' या नावानेच कविता लिहून तो शब्द आपल्या हातात घेतला. शिवी झालेल्या शब्दाला कवितेने पुन्हा मान मिळवून द्यावा, याचे हे ताजे उदाहरण आहे.

'सलाम'चे उदाहरण तर साहित्यातलेच. मंगेश पाडगांवकर यांचा 'सलाम' हा संग्रह १९७८ साली आला आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातली त्या नावाची कविता महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. तिच्यात सलाम म्हणजे भ्यालेल्या सामान्य माणसाची लाचारी. कविता मोठी आहे, तिच्या रोखाशी आमचे काही भांडण नाही. परंतु मुसलमान घरातल्या वाचकाला ती वाचताना एक क्षण थबकायला होते. त्याच्या घरात सलाम म्हणजे समोरच्यासाठी शांतीची इच्छा. तो लहानाने मोठ्याला करावा, पण मोठ्याने लहानाला केला तरी चालतो. आणि ज्याला सलाम केला त्याच्यावर उत्तर देण्याचे ऋण राहते. सलामाला उत्तर न देणारा मोठा माणूस घरात वाईट ठरतो. हा परतफेडीचा सलाम दरबारात गेला तेव्हा एकतर्फी झाला, आणि मराठीने तो दरबारातून उचलला. म्हणून मराठीत सलाम 'ठोकतात' किंवा 'झाडतात'. हा दोष पाडगांवकरांचा नव्हे. शब्दाने वाटेत जो मुलूख पाहिला त्याचा तो परिणाम आहे. परंतु आपल्या समीक्षकांनी ही गोष्ट त्या कवितेच्या चर्चेत मांडायला हवी होती. मराठी वाचकाला एका शब्दाचे दुसरे अंग दिसले असते.

'तू'चा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कोकणात आईला 'तू', आजीला 'तू', चुलत्यालाही पुष्कळ घरी 'तू'. आगरी घरात तेच, ठाकरवाडीत तेच आणि कोकणी मुसलमानाच्या ओटीवरही तेच. देशावरच्या माणसाला हे उद्धट वाटते. विदर्भातल्या 'हो जी'ची सवय असलेल्याला तर फारच. उर्दूच्या क्रमिक पुस्तकात आई-वडिलांना 'आप'शिवाय संबोधन नाही. म्हणून आमच्या वर्गातले मूल दोन प्रकारचे बोलायला शिकते. शाळेत 'दादीजान, आप', घरी 'आजे, तू'. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात उर्दू लिहिलेली असते आणि आई मात्र त्या भाषेत मुलाला जेवायला बोलावत नाही. बी.एड.च्या वर्गात 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे अध्यापनसूत्र पाठ करून घेतात. इथे जे ज्ञात आहे त्यालाच बेअदबी म्हटले जाते.

'आप' शिकवू नये असे आमचे म्हणणे नाही. उर्दूची नजाकत मुलांना मिळायलाच हवी, ती त्यांची मिळकत आहे. हरकत एवढीच की 'आप' शिकवताना आजीच्या 'तू'ला कमी लेखण्याचे कारण नाही. शेवटी श्रद्धाळू माणूस देवाला काय म्हणतो ते पाहावे. वारकरी विठ्ठलाला 'तू' म्हणतो. उर्दूतली हम्द अल्लाहला 'तू'च म्हणते, 'आप' म्हणत नाही. सूरह फातिहातले संबोधनही एकवचनीच आहे. अरबीत त्यासाठी निराळे आदरार्थी सर्वनाम वापरलेले नाही. जिथे आदर सर्वांत मोठा तिथे 'तू' चालते, मग पोशीरच्या आजीपुरते ते उद्धट कसे ठरते?

हाच संकोच आपल्या कथांत उतरतो. मराठीतल्या कितीतरी कथा-नाटक-चित्रपटांत मुसलमान पात्र मोडकी हिंदी बोलते, मग ते रत्नागिरीचे असो की रायगडचे. याविषयी आपण सारेच तक्रार करतो आणि ती रास्त आहे. पण आपल्या स्वतःच्या लिखाणात काय दिसते? खेड्यातली, शेणाने सारवलेल्या अंगणात भात पाखडणारी म्हातारी एकाएकी लखनवी उर्दू बोलू लागते. नातू तिला 'आप तशरीफ रखिए' म्हणतो. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद पाठ्यपुस्तकी उर्दूत, आणि त्या घराची खरी बोली दोन्हींच्या मध्ये कुठेतरी हरवते. परक्याने आपल्याला मोडक्या हिंदीत बसवले. आपण स्वतःला उसन्या अदबीत बसवले. दोन्हीकडे आजी खोटी ठरते.

हमीद दलवाई यांच्या विचारांविषयी आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील. परंतु त्यांच्या 'लाट' (१९६१) आणि 'इंधन' (१९६५) या पुस्तकांनी कोकणातला मुसलमान मराठी साहित्यात आणला, तो त्याच्या गावासह आणि शेजाऱ्यांसह आणला, हे मान्य केले पाहिजे. त्यानंतरच्या काळात दलित साहित्याने काय केले ते पाहा. बाबुराव बागुलांच्या कथा १९६३ साली पुस्तकरूपाने आल्या, दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली. आपली माणसे जशी बोलतात तशी छापायला या साहित्याने परवानगी मागितली नाही. वाचक अडखळला तर अडखळू दिला, आणि मग वाचकच शिकला. आपल्या लेखनाने हे धैर्य अजून पुरेसे दाखवलेले नाही. आपल्यावर दोन परीक्षक बसलेले असतात, हे त्याचे कारण असावे. एक मराठीचा, दुसरा उर्दूचा. दोघांच्याही नापसंतीची भीती बाळगून लिहिले की आजीला बोलायला जागा उरत नाही.

सगळे 'तू' सारखे नाहीत

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग कोकणातले 'तू' म्हणजे केवळ माया, असे तुमचे म्हणणे दिसते. तसे म्हटले तर ते खोटे होईल. आमच्याच भागात साठीच्या कातकरी माणसाला पंधरा वर्षांचा पोर 'अरे' म्हणून हाक मारतो. त्यात हिंदूही आले आणि मुसलमानही. तो कातकरी पावसाळा सरला की बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो, उचल घेतलेली असते ती फेडतो, आणि उत्तर देताना पोराला 'शेठ' म्हणतो. हेही 'तू'च, आणि याच मुलुखातले. पण ही माया नव्हे.

१९६० साली रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी युरोपातल्या भाषांमधील अशा सर्वनामांवर एक निबंध लिहिला. त्यांनी सत्ता आणि जवळीक असे दोन अक्ष मांडले. जिथे दोघेही एकमेकांना एकच सर्वनाम वापरतात तिथे बरोबरी असते. जिथे वरून 'तू' येते आणि खालून 'तुम्ही' जाते तिथे सत्ता असते. स्वीडनमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी सरसकट एकेरी संबोधन स्वीकारले, डॉक्टरपासून पंतप्रधानापर्यंत. आपल्याकडे तसे घडावे असे आम्ही सुचवत नाही. परंतु ही कसोटी आपल्या कथांना लावून पाहण्यासारखी आहे. 'तू' आहे की 'आप', एवढे पाहून भागत नाही. उलट दिशेने काय येते ते पाहावे. आजी नातवाला 'तू' म्हणते आणि नातू आजीला 'तू' म्हणतो, तिथे जवळीक आहे. नवरा बायकोला 'तू' म्हणतो आणि बायको 'अहो'च्या पलीकडे जात नाही, तिथे अदबीच्या नावाखाली दुसरेच काही आहे; ते उर्दूत 'आप' म्हणून आले तरी बदलत नाही. कातकऱ्याला 'तू' आणि त्याच्याकडून 'शेठ', तिथे तर बोलायलाच नको. सलामाचा नियम इथेही लागू करावा. ज्या आदराला उत्तर मिळत नाही तो आदर नव्हे, ती वेठ आहे.

या दृष्टीने आपल्या साहित्यात एक उणीव ठळक दिसते. आपण आपल्याकडे येणाऱ्या 'मियाँ'ची नोंद घेतो, आपल्याकडून जाणाऱ्या 'अरे'ची घेत नाही. आपल्या कथांत वीटभट्टीचा मालक क्वचित मुसलमान असतो. आपल्या कवितेत कातकरी क्वचितच येतो, आणि आला तर नावाशिवाय येतो. ज्याला मान मागायचा आहे त्याने आपण कोणाला देत नाही हेही लिहिले पाहिजे. अन्यथा आपले साहित्य अर्धेच राहील.

अदब आणि साहित्य

उर्दूत 'अदब' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत: आदर आणि साहित्य. मराठीने यातला पहिला अर्थ घेतला, 'अदबीने बोल' असा. दुसरा तिने घेतला नाही, कारण तिच्याकडे 'साहित्य' हा शब्द होता. त्याच्या मुळाशी 'सहित' आहे, म्हणजे सोबत असणे. आणि स्वयंपाकाचेही साहित्य असते, सुताराचेही. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान लेखकाच्या हाती हे दोन्ही शब्द आहेत. एक सांगतो, समोरच्याचा मान राख. दुसरा सांगतो, त्याच्या सोबत राहा. सोबत न राहता राखलेला मान कोरडा असतो, हे आपल्या वरच्या उदाहरणांतून दिसलेच.

मराठीत आणखी एक सोय आहे जी उर्दूत नाही. 'आम्ही' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून. 'आपण' म्हणजे त्याला धरून. शिवाय हेच 'आपण' सर्वांत वरच्या आदराचे संबोधनही आहे. म्हणजे मराठीत ज्याला आपल्यात धरले आणि ज्याला मान दिला, त्या दोघांसाठी शब्द एकच. आजवर आपले बहुतेक लेखन 'आम्ही'त झाले, हा लेखही त्यातच झाला. त्याची कारणे आहेत. ज्याला वगळले जाते तो 'आम्ही' म्हणणारच. परंतु मराठी वाचक जेव्हा आपली आजी, तिची बोली आणि तिचे 'तू' यांच्यासकट आपल्याला 'आपण'मध्ये धरील, आणि आपणही कातकरीवाडीला 'आपण'मध्ये धरू, तेव्हाच या साहित्याचे काम पुढे सरकेल.

वेळ फार नाही. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पोशीर धरणाच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. पाणी महानगराकडच्या शहरांना जाणार. इकडे प्लॉट पडत आहेत, फार्महाऊसेस उठत आहेत, तरुण मुले डोंबिवली-पनवेलला राहायला जात आहेत. कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालात बोलीच्या नुकसानीचा रकाना नसतो. ते काम लेखकांचे आहे. यंदा जे मित्र कथा लिहायला बसतील त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, आपल्या कथेतल्या म्हातारीचा संवाद लिहून झाल्यावर तो एकदा मोठ्याने वाचावा. ती खरोखर तशी बोलत असेल तर ठेवावा. नसेल तर खोडावा, आणि तिला तिच्या पद्धतीने 'तू' म्हणू द्यावे.